बहात्तरच्या दुष्काळात रांजण किती होते तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी छापून येतायत, मी सगळ्या वाचल्या, काही दोनदा वाचल्या. लोकांनी मनापासून लिहिलंय यात वाद नाही. पण जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य फिरून फिरून येतंय की त्या काळात माणसं गरीब होती पण एक होती, जातपात कुणी बघत नव्हतं, पाटील आणि मजूर एका रांगेत खडी फोडत होते. हे वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहितोय. एका रांगेत फोडत होते हे खरंय. मी त्या रांगेच्या कडेला खेळत होतो, आठ वर्षांचा होतो, तिसरीत. पण रांगेच्या दोन टोकांना पाण्याचे दोन रांजण होते हे कुणीच का लिहीत नाही?

माझं गाव बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. नाव लिहीत नाही, का ते पुढं कळेल. आधी एक गोष्ट सांगतो, बहात्तरचा बहात्तरचा म्हणतात पण खरे हाल झाले ते १९७३ च्या उन्हाळ्यात. त्याआधीची दोन वर्षंही पावसाची बोंबच होती, त्यात बहात्तरचा पावसाळा साफ गेला, खरीप गेलं, रब्बीला तर पेरायला ओलच नव्हती. आमचा एक बैल दिवाळीआधी बाजारात नेला, गिऱ्हाईकच नाही म्हणून दादांनी परत आणला आणि पंधरा दिवसांनी तो गोठ्यातच बसला तो उठला नाही. दुसरा छावणीत. कणगी रिकामी म्हणजे इतकी रिकामी की माझी धाकटी बहीण तिच्यात लपून बसायची, खेळायला.

मग दुष्काळी कामं निघाली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची, तिचा कायदा १९७७ साली झाला पण कामं आधीच सुरू झाली होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि सगळ्यात जास्त खडी. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती, त्यात आमच्या घरातली चार. ज्या बायका उंबऱ्याबाहेर पदर सरकू देत नव्हत्या त्या डोक्यावरून पदर घट्ट ओढून हातोडा घेऊन बसल्या. माझी मोठीआई, म्हणजे चुलत्याची बायको, आमच्या भावकीतली सगळ्यात मानाची बाई, ती पहिल्या दिवशी गावाकडं पाठ करून बसली होती, कुणी ओळखू नये म्हणून, आणि कुणी ओळखायचं राहिलं नव्हतं कारण अख्खं गावच तिथं होतं. बोटांना चिंध्या बांधायच्या, डोळ्यात कपची उडाली की पदराच्या टोकानं काढायची, ढीग लावायचा, ढिगाची ब्रासवर मोजणी, पगार आठवड्याला, मस्टरवर अंगठा. मुकादम सरकारचा. पाटील कोण आणि मजूर कोण याच्याशी त्याला काही घेणं नव्हतं, तो ढीग बघायचा. इथपर्यंत तुमच्या वाचकांच्या आठवणी बरोबर आहेत, मी काही खोडून काढत नाही.

खायला रेशनची मिलो. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, तिची भाकरी लालसर व्हायची, गार झाली की चामड्यासारखी, पाण्यात बुडवल्याशिवाय तुटायची नाही. (गावाकडं आजही म्हणतात की काँग्रेस गवत मिलोबरोबर आलं. तसं नाही, ते गवत पुण्यात पन्नासच्या दशकातच सापडलं होतं, पण मिलोवर राग एवढा की तिच्या नावावर काहीही खपतं.)

आता पाण्याचं. आड आटला, बारवेत गाळ राहिला, मग नदीत झिरे खोदले. ज्यांना झिरा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोरड्या नदीच्या वाळूत कमरेएवढा, कधी पुरुषभर खड्डा खोदायचा, तळाला पाझर लागतो, पहिलं पाणी गढूळ, ते उपसून टाकायचं, मग थांबायचं, मग वाटीनं नाहीतर करवंटीनं अलगद भरायचं, घाई केली की परत गढूळ. एक हंडा भरायला अर्धा पाऊण तास. खड्डा अरुंद असायचा म्हणून आम्हा पोरांना आत उतरवायचे, आत गार वाटायचं, डोक्यावर फक्त आभाळाचा एक गोल तुकडा आणि कडेला वाकलेल्या बायकांची तोंडं. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

नदीत असे तीन झिरे होते. वरचा गावाचा, त्याच्या खाली जनावरांचा आणि त्याच्याही खाली महारवाड्याचा. तेव्हा सगळे महारवाडाच म्हणायचे, वाड्यातल्या लोकांनी बौद्ध धम्म घेऊन पंधरा सोळा वर्षं झाली होती तरी. आता तिथं कमान आहे, नगर म्हणतात. तर ही अशी उतरंड, आणि जनावरं मधे, हे आज लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा ते नदीला कडा असाव्यात तितकं साधं होतं. माझ्या त्याच धाकट्या बहिणीनं एकदा झिऱ्यावर आईला विचारलं होतं, आय, वाळूखाली तर समदं एकच पाणी हाय ना? आई म्हणाली, गप, हंडा धर. दुसरं उत्तर नव्हतंच तिच्याकडं. आणि गावाचा तो वरचा झिरा खोदला कुणी होता? वाड्यातल्या चार माणसांनी. त्यातला एक माझ्या दोस्ताचा बाप. खोदताना आत उतरून त्याचे पाय त्या पाण्यात होते, हातानं त्यानं गाळ काढला, मग तो वर आला, पाणी निवळलं आणि त्याच मिनिटापासून त्याला तिथं शिवायची बंदी. खालचा झिरा माघ संपायच्या आत आटला कारण तिथं खडक वर होता. मग वाड्यातल्या बायका रिकामी घागर घेऊन आमच्या झिऱ्यापासून दहा बारा पावलांवर बसायच्या, कुणी वरून ओतेल याची वाट बघत. कुणी ओतायचं, कुणी नाही ओतायचं. त्या हाका मारायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या.

माझा हा दोस्त माझ्याच वर्गात. त्याचं नाव लिहीत नाही, तो आहे, चांगला आहे, रिटायर झालाय. शाळेत तो शेवटच्या ओळीत दाराजवळ आणि शाळेचा माठ गुरुजींच्या टेबलामागं, म्हणजे वर्ग जेवढा लांब तेवढं त्याचं पाणी लांब. पण खडीच्या कामावर शाळा नव्हती. दुपारी आम्ही कामावरच. बाभळीला झोळ्या टांगलेल्या, झोळीतली पोरं सांभाळायची ड्युटी आमची, ती झोपली की आम्ही मोकळे. गोल गुळगुळीत खडे निवडायचे आणि गजग्यांसारखे खेळायचे. तो वर फेकलेला खडा झेलता झेलता खालचे पाचही उचलायचा, मला तीनच्या वर कधी जमलं नाही. तिथं शिवाशिव नव्हती असं नाही, तिथं कुणाचं लक्ष नव्हतं एवढंच.

सुकडी आली तो दिवस सांगतो. कामावर सरकारकडून सुकडी मिळायची, आमच्याकडं ती पोत्यातून यायची, तपकिरी गोडसर भुगा, मूठमूठ वाटायचे, मोठ्यांना आणि पोरांनाही. एकच पोतं, एकच वाटणारा, एकच मूठ सगळ्यांना. मी आणि तो बाभळीखाली बसलो. कोरडी खाल्ली की ठसका लागायचा म्हणून त्यानं एक आयडिया केली, त्यांच्या रांजणातलं पाणी तांब्यात आणलं, दोघांची सुकडी एका फडक्यावर ओतली, पाणी शिंपडून मळली आणि लाडू वळले. चार माझे, चार त्याचे. पाणी घातल्यावर ती फुगायची, जास्त झाल्यासारखी वाटायची, गोडही जास्त लागायची, आता कशी ते विचारू नका. त्या वर्षात मी खाल्लेली सगळ्यात चांगली गोष्ट ती.

तिसरा लाडू तोंडात होता आणि मोठीआई पाणी प्यायला उठली. तिनं बघितलं. ती ओरडली नाही. जवळ आली, तांब्याकडं बघितलं आणि मला विचारलं, कुणाच्या पाण्यात कालवली रं? मला प्रश्नच कळला नाही. पाणी कुणाचं असतं? मी म्हणलं, सरकारचं. (रांजण सरकारी होते, दोन्ही, तसा आकडा घातलेला होता त्यांच्यावर.) तेव्हा तिनं माझ्या कानाखाली दिली, बोट घालून तोंडातला लाडू काढला आणि मला बाजूला नेऊन सांगितलं की कोरडी चालती, वली चालत न्हाई. एवढंच. कोरडं धान्य, कोरडी सुकडी त्यांच्या हातातून घेतली तर चालते, पाणी लागलं की बाटतं. आठव्या वर्षी मला पाढे १५ पर्यंत येत होते आणि हा सोळावा त्या दिवशी पाठ झाला, तो आजतागायत विसरलेलो नाही.

पण पत्र लिहायचं कारण ते नाही. कारण पुढचं आहे. मोठीआईनं परत विचारलं, तू मागितलीस का त्यानं दिली? आणि मी म्हणलं, त्यानं बळंच दिली. साफ खोटं. अजून एक कानाखाली बसू नये म्हणून. लाडूची आयडिया त्याची होती पण फडकं मीच पसरलं होतं, माझ्याच डोक्याला गुंडाळलेलं फडकं होतं ते. माझ्या तोंडून ते वाक्य निघालं आणि त्यानंतर मला कुणी काहीच बोललं नाही, आईनं उलट पोटाशी धरलं. मोठीआई तडक रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेली, त्याच्या आईपुढं उभी राहिली आणि काय काय बोलली ते मी लिहिणार नाही, पेपर घरात पोरं वाचतात. ती बाई हातातला हातोडा खाली ठेवून चुकलं माय, चुकलं म्हणत राहिली. कामावरचं कुणी मधे पडलं नाही. माझे वडील बघत होते. भला माणूस, कुणाचं दोन पैसे कधी बुडवले नाहीत त्यांनी, पण ते हातोडा मारत राहिले, उलट जरा जोरात. मुकादमानं दुसऱ्या दिवशी भानगड नको म्हणून वाड्याची रांगच पलीकडं टेकाडामागं हलवली. तिकडं झाड नव्हतं. झोळ्या कशाला बांधल्या असतील त्यांनी, मला माहीत नाही, मी बघायला गेलो नाही.

आता मला सांगा, हे दुष्काळ असूनही झालं का? मी या गोष्टीचा फार विचार केलाय आणि मला वाटतं दुष्काळामुळंच ते जास्त झालं. चांगल्या वर्षी मोठीआईकडं मोठेपणा दाखवायला बरंच काही होतं, बैल, कणग्या, अंगावर चार मणी, दारात गडी. त्या उन्हाळ्यात सगळं गेलं, तीच खडी, तोच हातोडा, तेवढीच मूठभर सुकडी. मस्टरवर तिचा अंगठा आणि त्या बाईचा अंगठा वर खाली लागायचा. राहिला एक रांजण. मग तो सोडतंय कोण? माणसं पोटाला चिमटा घेऊन बसली होती पण तो रांजण कुणी हलू दिला नाही. मोठीआई वाईट बाई नव्हती हेही लिहितो, माझ्या आजारपणात रात्र रात्र जागलेली बाई ती, तिलाही कधीतरी कुणीतरी कानाखाली देऊनच शिकवलं असणार.

आणि हे काय एकट्या आमच्या गावचं नाही. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, मे १९७२ मधे, आमच्या शेजारच्याच परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दोन बौद्ध बायकांची जी विटंबना झाली ती पेपरात आलेली गोष्ट आहे, त्यावरून महाराष्ट्र हादरला होता, दलित पँथर निघाली त्या काळात ज्या घटनांनी पोरं पेटली त्यातली ती एक. त्याच सुमारास समाजवादी कार्यकर्ते बाबा आढाव गावोगाव हिंडून विचारत होते की तुमच्या गावात पाणवठे किती, एक गाव एक पाणवठा करा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, म्हणजे आमच्या सुकडीच्या आधी ४५ वर्षांहून जास्त. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ चा. म्हणजे आमच्या कामावर, सरकारी कामावर, सरकारी आकडा घातलेले दोन रांजण उघड उघड ठेवणं हा तेव्हाही गुन्हाच होता. तो मुकादमाला दिसला नाही, कारकुनाला दिसला नाही आणि आता आठवणी लिहिणाऱ्यांना आठवत नाही.

मागच्या आठवड्यात मी या दोस्ताला फोन केला. तसा आमचा संपर्क असतो, लग्नकार्यात भेटतो, व्हॉट्सअॅपवर गुड मॉर्निंग असतं, पण सुकडीचा विषय पन्नास वर्षांत दोघांनीही काढला नव्हता. तुमच्या पुरवणीतला तो फोटो मी त्याला पाठवला होता, बायकांची लांबच लांब रांग आणि पुढं खडीचे ढीग. म्हणलं बघ, आपल्यासारखंच. तो म्हणाला फोटो चांगलाय, पण रांजण दिसत नाय. मग मी सांगून टाकलं, म्हणलं त्या दिवशी मी खोटं बोललो होतो, तू बळंच दिली म्हणलो. तो म्हणाला मला म्हाईत होतं, आईनं रात्री सांगितलं. मी विचारलं मग आई काय म्हणाली. तर म्हणाला, काय म्हणणार, मलाच मारलं. हातोड्यानं हात सुजले होते तिचे, त्या हातानं मारलं आणि म्हणाली परत गावच्या पोराला काय द्यायचं न्हाई, आपल्या हातचं द्यायचं न्हाई, त्यानं मागितलं तरी. आणि मग दोघंही रडलो. म्हणजे मला ज्या दिवशी घ्यायचं नाही हे शिकवलं त्याच दिवशी त्याला द्यायचं नाही हे शिकवलं, आणि मार दोघांनाही आपल्याच माणसांचा. तो म्हणाला सुकडीचं सोड, मला जास्त राग याचा आला होता की दुसऱ्या दिवसापासून तू खडे खेळायला आला नाहीस. टेकाडामागं मी चार दिवस वाट बघितली.

मी म्हणलं हे तूच लिही ना पेपरला. तो हसला. म्हणाला, मी लिहिलं तर म्हणतील यांचं रडगाणं कधी संपायचं, तू लिहिलंस तर निदान वाचतील तरी. तू लिही, आणि तुझ्या मोठीआईचं नाव घालू नको, म्हातारी गेली आता.

तर माझी विनंती एवढीच आहे की या आठवणी पुढं चालू ठेवणार असाल तर लिहिणाऱ्यांना एक प्रश्न विचारा, कामावर पाणी कुठून प्यायचात आणि बाकीचे कुठून प्यायचे. गावोगावचे लोक अजून आहेत, सत्तरी पंच्याहत्तरीतले, विचारलं तर सांगतील. वाड्यातल्या लोकांनाही विचारा, तुमच्या पाच भागांत एकही पत्र तिकडून आलेलं मला दिसलं नाही, का आलं नसावं ते वर लिहिलंच आहे. आणि यंदाही आमच्याकडं टँकर चालू आहे. तो कमानीपाशी आधी थांबतो का शेवटी ते तुमच्या तालुका वार्ताहराला एक दिवस सकाळी उभं राहून बघायला सांगा, मी सांगितलं तर लोक म्हणतील याचं काहीतरी जुनं आहे.

नाव छापू नये. गाव लहान आहे, माझं नाव आलं की त्याचंही कळेल, आणि त्याला ते नको आहे.

आपला,
एक जुना वाचक
(मूळ आष्टी तालुका, सध्या पुणे)